गोठ्यापुढच्या कोब्यातली पावलं

माझ्या थोरल्या जाऊबाई, इंद्रायणीबाई, कुणावर विश्वास ठेवत नाहीत, हे आमच्या राजुरीत सगळ्यांना ठाऊक आहे. डेअरीवर दूध घातलं की फॅटचा आकडा दिसेपर्यंत त्या मशीनपुढून हलत नाहीत. गॅसची टाकी आली की उचलून, हलवून, कान लावून बघतात. देवळातला प्रसादसुद्धा आधी हुंगतात. मी एकदा म्हटलं, बाई, देवाच्या दारात तरी असं करू नये. तर म्हणाल्या, "देवावर न्हाई गं साधना, पुजाऱ्यावर."

त्यांचं माहेर कळंबचं. लग्नात अंतरपाट धरलेला असताना या नवरीने खाली वाकून नवऱ्याचे पाय बघून घेतले होते. दाखवायला आणलेला मुलगा तोच का, याची खात्री. आमच्या सासूबाई ही गोष्ट आल्यागेल्याला सांगायच्या. यावर बाईंचं उत्तर ठरलेलं असे: तोंड कुणाचंबी सजवता येतं, पाय बदलता येत नाहीत.

त्यांची लेक श्रेया झाली तेव्हा दवाखान्यात पोरं बदलतात असं कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं होतं. बाळंतपणाच्या कळा ओसरल्या नाहीत तोच त्यांनी पोरीचं अंग न् अंग तपासलं. उजव्या पायाची करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली निघाली. मला म्हणाल्या, ही खूण ध्यानात ठेव. मी ठेवली. पुढे एवढ्या वर्षांनी ती कामाला येईल असं मात्र वाटलं नव्हतं.

श्रेया मोठी झाली आणि कबड्डी खेळायला लागली. ओतूरला कॉलेजात गेल्यावर तर पहिल्याच वर्षी ती संघाची मुख्य चढाईपटू झाली. पोरगी दिसायला किरकोळ, पण समोरच्या संघाच्या अंगणात शिरली की दोघीतिघींना हात लावून रेषेवर परत. बाई प्रत्येक सामन्याला जायच्या. खेळ कमी बघायच्या आणि पंचाकडे जास्त.

या वर्षी मंचरला विभागाचा अंतिम सामना होता. त्यातून विद्यापीठाच्या संघासाठी मुली निवडणार होते. श्रेयाचं नाव नक्की धरलेलं होतं. आणि सामन्याला महिना राहिला असताना सरावात तिचा घोटा दुखावला.

तो धरला होता तेजस्विनीने. ही मुलगी जुन्नरच्या पश्चिमेकडच्या डोंगरातली. घरी भात आणि नाचणीची शेती, स्वतः होस्टेलवर राहायची. संघात चढाईची राखीव. म्हणजे श्रेया बाहेर बसली की हिला जागा मोकळी. सरावात दोघी समोरासमोर होत्या, हिने घोट्याला पकड केली, श्रेया तशीच ओढत निघाली आणि पाय मुरगळला. हाड मोडलं नव्हतं. आळेफाट्याच्या डॉक्टरांनी पट्टी बांधून विश्रांती सांगितली.

बाईंनी हे सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "ज्या पोरीला जागा पायजे व्हती, नेमका तिनंच कसा काय पाय धरला?"

मी म्हटलं, सरावात कुणीतरी धरणारच. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की जणू मीच आत जाऊन पाय पिरगळून आले होते.

दोन दिवसांनी तेजस्विनी भेटायला आली. सोबत घरच्या तांदळाची कापडी पिशवी. उंबऱ्याच्या आत यायला बिचकत होती. श्रेयाच्या पायाकडे बघून तिने चुकून लागल्याचं दोनदा सांगितलं. बाई दारातच उभ्या राहिल्या. चहा दिला, पण बस म्हटलं नाही. ती गेल्यावर पिशवीचं तोंड सोडून आत हात न घालता बघितलं आणि पिशवी गोठ्यात खुंटीला अडकवली. म्हणाल्या, हिचा तांदूळ आपल्या चुलीवर चढायचा नाही, काय घालून आणला असंल देव जाणे. देवाचं नाव घेतल्यामुळे मी गप्प राहिले.

तिथून रोजचं सुरू झालं. श्रेयाला जेवायला वाढताना, तिच्या पायाला हळद लावताना, तेच. त्या पोरीने मुद्दाम धरला. तिच्या हातात बघ कसा जोर आहे. तू खाली पडलीस तेव्हा ती सगळ्यांत आधी धावली, म्हणजे तिला आधीच माहीत होतं. श्रेया सुरुवातीला, नाही गं मम्मी, असं म्हणायची. पुढे म्हणेनाशी झाली.

खेळाच्या सुनील सरांची तर पार पंचाईत केली. बाई दर दोन दिवसांनी एसटीने ओतूरला जायच्या आणि मैदानाच्या कडेला बसायच्या. सरांचा विचार तेजस्विनीला श्रेयाच्या जागी घ्यायचा होता, दुसरं कोण होतं तरी? बाईंनी त्यांना सांगितलं, "जिनं पाय मोडला तिलाच जागा दिली, तर उद्या हरेक पोरगी दुसरीचा पाय मोडंल. श्रेयाची जागा ठेवा." सर घाबरले असं नाही, पण बोलणं त्यांच्या मनात रुतलं. म्हणाले, सामन्याच्या दोन दिवस आधी नाव सांगतो.

बाकीच्या मुलींपर्यंत ते बोलणं पोचायला किती वेळ लागणार? पकडीसाठी मुली एकमेकींचे हात धरून साखळी करतात. तेजस्विनीच्या शेजारची मुलगी तिचा हात सैल धरायला लागली. मी एकदा बाईंबरोबर गेले होते, तेव्हा हे स्वतः बघितलं. बाईंनीही बघितलं. म्हणाल्या, "बघ, पोरीस्नीबी कळलं."

सूज उतरली. डॉक्टर म्हणाले, आता हळूहळू भार द्या. पण श्रेया लंगडतच होती. पाय टेकला की कळ येते म्हणायची. दुसऱ्या डॉक्टरांना दाखवलं, त्यांनाही काही सापडेना. आता बाईंचा संशय डॉक्टरांवर गेला. पहिल्याने पट्टी चुकीची बांधली आणि दुसरा त्याचा ओळखीचा.

सामना रविवारी होता. त्याआधीच्या मंगळवारी थोरल्या दिरांनी, भगवंत भाऊजींनी, गोठ्यापुढे सिमेंटचा कोबा करून घेतला. गवंडी दिवस मावळताना गेला. बुधवारी सकाळी मी तुळशीला पाणी घालत होते तर मागून गलका ऐकू आला.

ओल्या कोब्यात पावलं उठली होती. पाच-सहा, आडवी गेलेली. प्रत्येकाचा नुसता पुढचा भाग रुतलेला, टाच नाहीच. शेजारच्या मळ्यातले सोमाजी भाऊ दुधाची किटली तशीच हातात धरून वाकून बघत होते.

"वहिनी, पंजा हाय," ते म्हणाले. "बोटं बघा की. टाच कुठं हाय? जनावरच हाय. वासरावर आलं असणार."

आमच्या भागात जमिनीवर काहीही उमटलं तरी पहिलं नाव बिबट्याचं निघतं. त्यात चूक काही नाही, रोजच्या रोज कुठेतरी दिसतोच. पण बाईंना ते पटणार नाही अशी माझी खात्री होती. त्या आता कुत्रं म्हणतील, मग गवंड्यावर घसरतील, मग सोमाजी भाऊंनाच विचारतील की तुमी एवढ्या सकाळी इकडं कशाला आलात.

बाई उकिडव्या बसल्या. एका पावलाजवळ बोट नेलं, बाहेरच्या कडेला ठेवलं. तिथे दोन बोटांचे ठसे एकमेकांवर चढले होते. बराच वेळ बोट तिथेच राहिलं.

मग उठून म्हणाल्या, "बिबट्याच हाय."

दुसऱ्याचं म्हणणं त्यांनी पहिल्या फटक्यात मान्य केलेलं मी तोपर्यंत पाहिलं नव्हतं. त्या आत गेल्यावर मी वाकून बघितलं आणि मलाही कळलं.

दुपारपर्यंत पावलांचा फोटो गावच्या सगळ्या ग्रुपवर फिरला. लोकांनी शेळ्या आत घेतल्या. वनखात्याला फोन लावायची भाषा निघाली तेव्हा बाईंनी तेवढं थांबवलं. आधी परत येतो का बघू, म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी मला उठवून नेलं. कडब्याच्या गंजीमागे आम्ही दोघी उभ्या राहिलो. थोड्या वेळाने मागचं दार उघडलं आणि श्रेया आली. अनवाणी. पट्टी नाही, लंगडणं नाही. अंगण ओलांडून ती धावली, निंबाला हात लावला, चवड्यावर गिरकी घेऊन परत. पुन्हा गेली. असा पाय पडत होता, की दुखणं त्याला कधी माहीतच नसावं. बाईंचा श्वास मला ऐकू येत होता. मला वाटलं, आता पुढे होऊन मुस्काटात देणार.

तेवढ्यात वासरू हललं आणि त्याचं दावं श्रेयाच्या घोट्याला लागलं. नुसतं लागलं. पोरगी किंचाळली नाही, पण मटकन खाली बसली आणि दोन्ही हातांनी घोटा आवळून धरला.

बाई पुढे झाल्या. ओरडल्या नाहीत. तिच्यापुढे बसून म्हणाल्या, "पाय बरा हाय ना?"

"पाय बरा आहे."

"मग?"

श्रेया खाली बघत म्हणाली, "चढाईला निघाले की तेजूचा हात दिसतो. घोट्यावर. ती समोर नसली तरी."

"आगं, पण—"

"पडले तेव्हा नव्हतं असं काही. तूच रोज सांगितलंस, मुद्दाम धरला, मुद्दाम धरला. आता मला प्रत्येकीचा हात तसाच दिसतो."

ती पुढे एवढंच म्हणाली, की खेळत नाही म्हटलं असतं तर तू सरांच्या दारात जाऊन बसली असतीस, म्हणून लंगडत राहिले. ते खरंच होतं. बाईंनी वासराचं दावं आवरून खुंटीला नीट गुंडाळलं. मी मनातल्या मनात देवाला हात जोडले. काय मागावं ते सुचलं नाही.

शुक्रवारी आम्ही ओतूरला गेलो. श्रेयाची जागा अजून तशीच ठेवलेली होती. बाईंनी हट्ट धरला असता तर सरांनी तिला संघात घेतलीही असती आणि पोरगी मंचरच्या मैदानावर सगळ्यांदेखत मटकन बसली असती. बाई सरांना म्हणाल्या, श्रेया येत नाही, तेजस्विनीला घ्या.

सर चक्रावले. "ताई, महिनाभर तुम्हीच म्हणत होता, तिने मुद्दाम केलं म्हणून."

"म्हणत व्हते. सरावात लागतंच की. पोरींनाबी सांगा, मी म्हणलं म्हणून. तिचा हात नीट धरा म्हणावं."

"आणि श्रेयाचा पाय?"

"न्हाई बरा," बाई म्हणाल्या, आणि त्यांच्या डोळ्याला डोळा न देता निघाल्या.

मग गाव बोलायला लागलं. एवढी वाघीण अचानक कशी नमली? कुणी म्हणालं, काहीतरी मिळालं असणार. कुणी म्हणालं, पोरीचं दुसरंच काही प्रकरण आहे, पाय हे निमित्त. डेअरीवर बायका बाईंकडे तशाच बघायच्या, जशा बाई फॅटच्या मशीनकडे बघतात. मला राहवेना. खरं सांगून टाकू का, असं मी विचारलं.

"सांगू नको," त्या म्हणाल्या. "माझ्यावर संशय घेऊ दे. पोरीवर नको."

रविवारी मंचरला निघताना त्यांनी श्रेयाला पट्टी बांधायला लावली. लोक बघतात, म्हणाल्या. मैदानाच्या कडेला आम्ही बसलो. तेजस्विनीने पहिल्या चढाईआधी मातीला हात लावून कपाळाला लावला. मला बरं वाटलं. बाई कानात म्हणाल्या, पाया पडताना डोळे उघडे व्हते तिचे.

मध्यंतराला आमचा संघ गुणांत मागे होता. तेजस्विनी घामाघूम होऊन थेट श्रेयाकडे आली. डाव्या कोपऱ्यातली कशी येते, तिने विचारलं. श्रेया सांगायला लागली, ती आधी खांदा टाकते, तेव्हाच आत शीर. सांगता सांगता पायाची पट्टी सुटली. तेजस्विनी खाली बसली आणि तिने श्रेयाचा घोटा हातात धरला.

बाई अर्ध्या उठल्या. मी त्यांचा पदर धरला.

श्रेयाचे डोळे त्या हातावर होते. ओठ आवळले गेले. पण पाय तिने ओढून घेतला नाही. तेजस्विनीने घोटा एकदा दाबून चाचपला, ना सूज ना कळ. तिने मान वर करून श्रेयाकडे बघितलं, मग बाईंकडे. पोरीला कळलं, हे आम्हा सगळ्यांना कळलं. तिने पट्टी पहिल्यापेक्षा घट्ट बांधली, टोक नीट खोचलं आणि शिट्टी झाली तशी मैदानात गेली.

सामना थोडक्यात हातचा गेला. निवडीत तेजस्विनीचं नाव आलं, राखीव म्हणून. एसटीत बाई घरापर्यंत एकच विचारत होत्या, ती पोरगी कुणाला सांगंल का गं? मी म्हटलं, सांगायचं असतं तर तिथेच सांगितलं असतं. त्या म्हणाल्या, "तेच तर कळंना. का न्हाई सांगितलं?"

सोमवारी श्रेया मैदानावर गेली. तेजस्विनीला म्हणाली म्हणे, घोटा धर, सोडू नकोस. पहिल्या दिवशी रडली. दुसऱ्या दिवशी कमी रडली.

कोबा तसाच आहे. गवंडी पावलं बुजवायला आला होता, बाईंनी परत पाठवला. आल्यागेल्याला त्या बिबट्याचे पंजे म्हणून दाखवतात आणि लोक फोटो काढून घेतात.

त्याच आठवड्यात बाई खुंटीवरची तांदळाची पिशवी घेऊन माझ्याकडे आल्या. थोडे दाणे आधी कोंबड्यांना टाकले होते, दुपारपर्यंत कोंबड्या धड होत्या, हे त्यांनीच सांगितलं. माझ्याच चुलीवर भात शिजवला. घरभर वास सुटला. एका ताटलीत गरम भात, वर तूप घालून माझ्यापुढे ठेवला आणि स्वतः समोर बसून राहिल्या.

"खा," म्हणाल्या. "आधी तू खा."