इटलीत दिलेलं चूलबंद आमंत्रण

सिन्नरकर मंडळी, आज माझी नोकरी जाता जाता राहिली.

मी इटलीत द्राक्षमळ्यावर कामाला आहे, हे तुम्हाला माहितीच आहे. पुढच्या आठवड्यात मळ्यात पुण्याच्या पार्टीचं लग्न आहे, पाहुणे विमानानं येणार. शेजाऱ्यांनाही घरटी दोघांना बोलवायचं ठरलं. सकाळी मालकिणीनं मला पत्रिका देऊन पाठवलं.

लहानपणी अण्णांच्या सायकलवर मागं बसून मी गावात आमंत्रणाला फिरायचो. दारोदार अण्णा म्हणायचे, "चूलबंद हाय बरं का, सगळ्यांनी यायचं!" इथंही मोडक्या इटालियनमध्ये माझ्या तोंडून तेच गेलं, "त्या दिवशी घरी चूल पेटवू नका, सगळे या."

दुपारी मालकिणीला शेजाऱ्यांचे फोन सुरू झाले. एका म्हातारीनं विचारलं, "माझ्या बहिणीकडचे पण आणू का?"

मालकीण लय भडकली. "आता नवरीला तूच सांग, ती नाही म्हणाली तर तुझी नोकरी गेली," म्हणत फोन माझ्या हातात दिला. मी चाचरत सगळं सांगितलं. नवरी हसायलाच लागली. "अहो दादा, येऊ द्या की सगळ्यांना! लग्नच आहे ना?"

सुटलो. पण तेव्हापासून मन गावाकडं लागलंय. मागच्या वर्षी ताईच्या लग्नात खालच्या आळीची आमंत्रणं मी द्यायची ठरलं होतं, पण मला सुट्टीच मिळाली नाही. माझ्याऐवजी तुमच्या दारात कोण आलं होतं रे?