दर्शनाआधीच मागे फिरलो

राधाच्या डाव्या पोटरीवर जन्मापासूनच निळसर, मऊ फुगवटा होता. ती सात वर्षांची झाली आणि त्यात हरभऱ्याएवढ्या टणक गाठी होऊन ठणकू लागल्या. आमचा आदिलाबाद जिल्हा तेव्हा आंध्रात होता आणि मी गुडीहत्नूरला शाळेत शिकवत होते. एका डॉक्टरांनी स्नायू आखडलाय म्हटले, दुसऱ्यांनी कापून टाकू म्हटले. मी आपली रोज कोमट तेलाने पोटरी चोळायचे. "आई, नको न वं, लई दुखून राह्यलं," म्हणत ती माझा हात धरायची आणि मी तिलाच रागवायचे. पूजा तर मी सोडूनच दिली होती. लेकराला असे रडवणाऱ्या देवीकडे काय मागायचे?

"कापायले नेण्याच्या आधी एकदा माहूरले जाऊन येऊ," हे म्हणाले. माझे मन नव्हते, पण गेले. रेणुकेच्या गडावर अर्ध्या पायऱ्या चढल्यावर राधा मटकन खाली बसली. पोटरी लाल झाली होती, हात लावला तर गरम. मी सवयीने तिथेच चोळायला लागले, तेवढ्यात दर्शन करून उतरणाऱ्या एका पांढऱ्या केसांच्या बाईंनी माझे मनगट धरले.

"बाई, चोळू नका वो! काऊन चोळून राह्यल्या?"

नागपूरला मुलांच्या दवाखान्यात त्यांनी जन्मभर नर्सचे काम केले होते. बोटाच्या टोकाने त्यांनी गाठ हळूच चाचपली. "या शिरा जन्माच्याच ढिल्या आहेत. रक्त तिथं साचते, गोठते, म्हून ठणकते. असे लेकरं म्या पाह्यले. आता पोरीले वर नका नेऊ. देवी कुठी जात नाही. आधी आमच्या डॉक्टरायले दाखवा." त्यांनी कागदावर पत्ता लिहून दिला.

मी वर पाहिले. एवढे येऊन दर्शनाशिवाय जायचे? ह्यांनी राधाला पाठीवर घेतले. आम्ही मागे फिरलो.

नागपूरच्या डॉक्टरांनी सोनोग्राफी केली, रक्त तपासले. बाईंचे म्हणणे खरे निघाले. काही आठवडे रोज रक्त पातळ ठेवणारे इंजेक्शन, दिवसभर पायात मापाचा घट्ट मोजा आणि चोळणे पूर्ण बंद. "शिरा तशाच राहतील," ते म्हणाले, "पण दुखणे आवरता येईल."

इंजेक्शन द्यायला मीच शिकले. पहिल्या दिवशी सुई भरली आणि तशीच खाली ठेवली. याच हातांनी तिला इतके छळले होते. राधाच म्हणाली, "दे न आई, मी नाही रडत." दहा-बारा दिवसांनी शाळेतून परतले, तर ती मोजा घालून अंगणात लंगडी खेळत होती. मी उंबऱ्यावर बसून पोटभर रडले.

पुढे एक-दोनदा गाठी पुन्हा झाल्या, पण काय करायचे ते आता माहीत होते. त्या बाई नेमक्या त्याच वेळी का उतरत होत्या, याचा शोध मी घेत नाही. मी रागाने चढत होते, काहीही मागितले नव्हते, आणि तरी माझा हात धरला गेला. आपल्याला पटले म्हणून आपण तेच करत राहतो. कुणी थांबवले तर थांबावे, एवढीच शरणागती मला जमली. रेणुकाआईने तेवढीही गोड मानून घेतली.