कोणाच्या घरचा?

ती घटना आठवली की आजही माझा उजवा हात मला परका वाटतो.

तेव्हा मी धुळ्यात पोलीस निरीक्षक होतो. टपालात एक निनावी अर्ज आला. एका कॉलेजात परीक्षेचे गुण संगणकात परस्पर बदलले जात होते. चौकशीत अर्ज खरा निघाला. त्या यंत्रणेत शिरायला कर्मचाऱ्याचे डिजिटल प्रमाणपत्र लागे, म्हणजे संगणकातले ओळखपत्रच. बदललेल्या सगळ्या नोंदींवर एकाच लिपिकाचे नाव होते. सोनगीरचा, मान खाली घालून काम करणारा माणूस. मी त्याला अटक केली आणि कोर्टातून कोठडी घेतली.

ओळख माझी असेल, पण आत मी गेलो नाही, एवढेच तो सांगत राहिला. मला ते थोतांड वाटले. दुसऱ्या दिवशी माझा संयम सुटला आणि मी त्याच्या कानाखाली वाजवली, चांगली जोरात. स्टेशन डायरीत त्याची नोंद नाही, म्हणून इथे करतो.

त्याच दुपारी त्याची म्हातारी आई डबा घेऊन आली. अक्का, यंत्रात तुमच्या मुलाचेच नाव आहे, असे मी तिला समजावले. ती शांतपणे अहिराणीत म्हणाली,

"भाऊ, आमना गावमा त्या नावना तीन जन शेतस. बापनं नावबी तेच. आम्ही इचारतस, कोना घरना? तुमना मशीननी इचारं का?"

हवालदार हसला. मीही हसलो, पण प्रश्न डोक्यातून जाईना. जळगावहून संगणकाचे एक प्राध्यापक बोलावले आणि त्यांना तोच प्रश्न केला. त्यांनी स्वतःच्या लॅपटॉपवर त्या लिपिकाच्या नावाचे प्रमाणपत्र बनवले. यंत्रणेने त्यांना मुकाट आत घेतले. सॉफ्टवेअर फक्त नाव वाचत होते. प्रमाणपत्र दिले कोणी, हे तपासतच नव्हते.

ही फट देखभालीच्या तंत्रज्ञाला ठाऊक होती. त्याच्या संगणकात तसेच बनावट प्रमाणपत्र सापडले. पंचनामा होताच त्याने कबुली दिली आणि लिपिक सुटला.

यंत्राने नाव पाहून दार उघडले, मी नाव पाहून दार लावले. चूक एकच, फक्त यंत्राला हात नव्हता.

काही महिन्यांनी माफी मागायला सोनगीरला गेलो. त्याच्या डावीकडे बसून मनात जुळवलेले सगळे बोललो. तो समोरच पाहत राहिला. मग माझे ओठ हलताना दिसले असावेत.

"साहेब, या बाजूला या. त्या कानाने मला आता ऐकू येत नाही."

मी उठून उजवीकडे बसलो आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागलो.