जिन्याखालचे टेबल

माझी मेहुणी ज्या महाविद्यालयात ग्रंथपाल आहे, तेथील व्यवस्थापनाला सभागृहासाठी गाद्यांच्या खुर्च्या परवडतात; ग्रंथपालाला मात्र जिन्याखालचा कोपरा. मी दोनदा लेखी तक्रार केली. उत्तर आले नाही, येणारही नव्हते. मेहुणीला त्याचे सोयरसुतक नाही. डोक्यावर जिना, पाठीशी ‘शांतता राखा’ची पाटी आणि तोंडी खणखणीत आवाज, असा तिचा तेथला संसार आहे.

माझी मुलगी तेथेच संशोधन करते. घरी शिलाई करणाऱ्या बायकांची खांदेदुखी हा तिचा विषय. बांधणीला टाकण्याआधी प्रबंध मावशीला दाखवायला ती निघाली, तेव्हा मीही सोबत गेलो. मेहुणी पहिल्याच पानावर अडली.

“‘या विषयावर आजवर एकही अभ्यास झालेला नाही.’ कोणी सांगितलं गं तुला?”

“मावशी, सगळा डेटाबेस पालथा घातलाय मी.”

“माझ्यासमोर घाल.”

मुलीने टेबलावरच्या संगणकात शोधाचे शब्द टाकले. निकाल शून्य. मेहुणीने पडद्याच्या कडेला बोट टेकवले. ‘फक्त पूर्ण लेख उपलब्ध असलेले’ या चौकटीत खूण होती. संस्थेने वर्गणीला कात्री लावल्यापासून पूर्ण वाचता येतील अशी नियतकालिके बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. तीही तक्रार मी केलेली आहे. म्हणजे जगात काय लिहिले गेले ते नव्हे, संस्थेने काय विकत घेतले तेवढेच मुलगी शोधत होती.

खूण काढताच एक लेख वर आला. तोच विषय, घरी शिवणाऱ्याच बायका.

मुलगी पांढरीफटक पडली. तिचा सारा प्रबंध त्या वाक्यावर उभा होता. तिने मार्गदर्शकांना फोन लावला. “राहू दे गं, कोण बघतंय?” पलीकडून आवाज आला.

“मी बघितलं ना!” मेहुणी फोनवर गरजली.

“अगं, सर आहेत ते,” मी दटावले.

“असू देत, भाऊजी. व्यवस्थापनात तुमच्या तक्रारी गिळून बसलेत तेही सरच की!”

बांधणी लांबणीवर पडली. मेहुणीने दुसऱ्या ग्रंथालयातून तो लेख मागवला. पुढे ज्यांनी ज्यांनी त्याचा आधार घेतला, त्यांचेही लेख हुडकले आणि मुलीला सगळे वाचायला बसवले.

“काय केलंय यांनी?”

“बायकांना प्रश्न विचारलेत. सगळ्यांनी तेवढंच केलंय.”

“आणि तू?”

“मी टेप घेऊन घरोघरी मशीनची, स्टुलाची उंची मोजलीये.”

“मग रडतेस कशाला, बये? तेच लिही.”

मुलीने जुने वाक्य स्वतःच्या हाताने खोडले.

सभागृहात सर्वांसमोर झालेल्या तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमका तोच लेख पुढे केला. “यात नाही असं तुमच्याकडे काय आहे?” मार्गदर्शक छताकडे पाहू लागले. मुलीने कागदाकडे न पाहता उत्तर दिले: आधी विचारले गेले होते, मोजले कोणीच नव्हते. परीक्षकांनी मान डोलावली.

“शाब्बास!” मागच्या गादीच्या खुर्चीतून मेहुणी ओरडली, आणि शिपायाने तिला शांत राहायला सांगितले.