अडीअडचणीचं पाकीट

भंगाराच्या गोदामाच्या फाटकाशी काचेची एक खोली होती. तिच्यात वजनकाट्याचा कारकून बसायचा. भरलेला ट्रक लोखंडी पाटावर चढला की तो आकडा टिपायचा, माल उतरवून तोच ट्रक रिकामा परत आला की पुन्हा टिपायचा, आणि मोठ्यातून लहान वजा करून पावती फाडायचा. बावीस वर्षांत त्याची एक वजाबाकी चुकली नव्हती. ट्रकवाले त्याला काटेसाहेब म्हणायचे आणि तो ते कौतुक समजायचा. एवढ्यावर माणसानं समाधान मानावं की नाही? पण नाही. ज्याला चाळीस टनांचा हिशेब जमतो, त्याला तीन माणसांचं घर काय जड आहे, असं त्याच्या डोक्यात शिरलं.

शिरलं ते न्हाव्याच्या दुकानात. नंबर लागेपर्यंत त्यानं तिथलं जुनं मासिक चाळलं, त्यात महिन्याच्या बजेटवर पानभर लेख होता. साहेब अर्धे केस कापून घेतल्यासारखे घाईनं घरी आले आणि बायकोला आणि मुलीला समोर बसवून त्यांनी बारा पाकिटं टेबलावर मांडली. किराणा, दूध, भाजी, वीज, घरभाडं, प्रवास, मुलीची फी, कपडे, पाहुणे, औषधपाणी, किरकोळ. आणि शेवटचं, जरा मोठं, अडीअडचण. नियम एकच. एका पाकिटातली दमडी दुसऱ्या पाकिटात जाणार नाही.

त्या दिवसापासून घरात रोज संध्याकाळी हजेरी सुरू झाली. चहा झाला की साहेब वही उघडायचे आणि ज्यानं त्यानं आपला खर्च सांगायचा.

"बाबा, मी आज फक्त एक सुस्कारा टाकला," मुलगी एकदा म्हणाली. "कुठे लिहायचा?"

त्यांनी खरोखर पेन उचललं होतं.

आता खोटं कशाला बोला, बजेटनं काही भलंही झालं. किराणावाल्याची उधारी फिटली. मुलीची फी प्रथमच वेळेवर गेली. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे शहाणपण आहेच, त्याबद्दल कोणाचं भांडण नाही. पण काही माणसांना अंथरुणाचा इतका लळा लागतो की ती उरलेला पाय कापायला निघतात.

अडीअडचणीचं पाकीट दोन वर्षांत इतकं फुगलं की त्याला रबर लावावं लागलं. ते एकदाही उघडलं नाही. घरात अडचणी आल्या नाहीत असं नाही. आल्या आणि साहेबांच्या परीक्षेत नापास होऊन गेल्या. छत गळायला लागलं तेव्हा ते म्हणाले, हे दरवर्षीच गळतं, यात अडचण कसली, ही तर सवय आहे. फ्रीज बंद पडला तेव्हा म्हणाले, तो दोन महिने घरघर करत होता, म्हणजे त्यानं आधी नोटीस दिली होती. अडचण अचानक यायला हवी, ही त्यांची अट होती. अडचणींना ती कोणी कळवली नव्हती.

मग बायकोची दाढ दुखायला लागली. गाल हातात धरून ती तीन दिवस वावरली, चौथ्या दिवशी दातांच्या डॉक्टरकडे जाऊन आली.

"दाढ वाचेल म्हणाले," तिनं संध्याकाळच्या हजेरीत सांगितलं. "पण रूट कॅनाल करावं लागेल, वर टोपी बसवावी लागेल. आपल्या औषधपाण्याच्या सहापट पैसे लागतील."

"सहापट!" साहेबांनी वही मिटली. "दुखतंय कधीपासून?"

"थोडंथोडं गेल्या महिन्यापासून."

"मग ही अडीअडचण कशी? तेव्हाच सांगितलं असतंस तर या महिन्यात धरलं असतं."

"अहो, तेव्हा थोडंच दुखत होतं."

"थोडं असतानाच सांगायचं असतं. बरं, पुढच्या महिन्यात दाढेचं वेगळं पाकीट करू."

पुढच्या महिन्यात मुलीच्या परीक्षेची फी आली. बायकोनं पुन्हा विचारलं, त्यांनी पुन्हा पुढचा महिना दाखवला. आता तर दुखणं तीन महिन्यांचं जुनं होतं. जितकं ते जुनं होत होतं, तितकं ते अडीअडचणीच्या पाकिटापासून लांब जात होतं. असा पक्का कायदा कोणत्याही सरकारला करता आला नसता. मुलीनं मध्ये तोंड घालून पाहिलं.

"बाबा, दात कोरून पोट भरत नाही."

"मोठ्यांच्या मध्ये बोलू नये," बाबा म्हणाले आणि तिच्या प्रवासखर्चाची बेरीज दोनदा तपासली.

त्यानंतर बायकोनं विषय काढणं सोडलं. साहेबांना वाटलं, थांबलं असेल दुखायचं. उलट वहीत त्यांना भलताच आनंदाचा शोध लागला. किराणा आणि भाजी, दोन्हींचा खर्च उतरला होता. शेंगदाणे नाहीत, काकडी नाही, टोस्ट नाहीत. रोज मऊ भात आणि पातळ डाळ. त्यांनी त्या आकड्यांखाली लाल रेघ ओढली आणि बायकोला बोलावून दाखवली.

"बघ, शिस्त लागली की खर्च आपोआप आटोक्यात येतो."

ती काही बोलली नाही. तिच्या न बोलण्याचीही साहेबांनी बचतीतच गणना केली.

आता त्यांच्या बाजूनंही एक गोष्ट सांगायला हवी. ते शब्दाचे पक्के होते. चौथ्या महिन्याच्या एक तारखेला पगार झाला आणि त्यांनी तेरावं पाकीट आणलं, त्यावर ठळक अक्षरात 'दाढ' लिहिलं आणि सहापट पैसे मोजून आत घातले. नवा शर्ट रद्द केला, स्वतःच्या बसच्या पैशांतही काटछाट केली. त्या दिवशी ते खरंच खुश होते. कुठे स्वस्तात होतंय का बघावं म्हणून जेवणाच्या सुट्टीत ते गोदामाजवळच्या दुसऱ्या डॉक्टरकडे भाव काढायला गेले.

"रूट कॅनाल आणि टोपी," ते ऐटीत म्हणाले. "सगळं धरून किती?"

"कोणती दाढ?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"म्हणजे?"

"वरची की खालची? उजवीकडची की डावीकडची? मागची असेल तर पैसे वेगळे."

साहेबांनी आठवून पाहिलं. गेल्या महिन्यात घरात साबणाच्या किती वड्या संपल्या हे त्यांनी झोपेतही सांगितलं असतं. बायको कोणता गाल धरून बसायची, हे काही केल्या आठवेना.

"विचारून सांगतो," ते पुटपुटले.

संध्याकाळी चपला काढायच्या आत त्यांनी विचारलं, "अगं, ती दाढ कुठल्या बाजूची?"

बायको ओट्याशी उभी होती. तिनं हात पुसले, जवळ आली आणि दिव्याखाली तोंड उघडून दाखवलं. डावीकडे, खाली, मागे. तिथे दाढ नव्हती. हिरडीही भरत आली होती.

"कधी?"

"बारा दिवस झाले. फार सुजलं होतं. बाजारातल्या दवाखान्यात काढून घेतली."

बारा दिवस. रोज समोरासमोर बसून जेवण, रोज हजेरी. साहेबांना बोलायचं होतं बरंच काही, पण बावीस वर्षांची जीभ, ती तिच्याच वळणावर गेली.

"किती घेतले?"

मुलीनं पुस्तकातून मान वर केली आणि बापाकडे अशा नजरेनं पाहिलं की त्यांना शब्द परत गिळावासा वाटला.

"औषधपाण्याच्या पाकिटात बसलं सगळं," बायको शांतपणे म्हणाली. "वाचवायला ते पुरत नव्हतं, काढायला पुरलं. वहीत लिहिलंय मी, बारा दिवसांपूर्वी. तुम्ही बेरीज बघितलीत, बरोबर आली म्हणून पुढे गेलात."

साहेबांना लाज वाटली. अशी लाज त्यांना आयुष्यात वाटली नव्हती. त्यांनी कपाट उघडलं, रबर लावलेलं ते जाडजूड पाकीट काढलं आणि तिच्यापुढे धरलं.

तिनं ते घेतलं नाही.

"ठेवा आत," ती म्हणाली. "आता दुखत नाही."