माझा तास काढून घेणारे फादर

माझा धर्मशिक्षणाचा तास ज्यांनी काढून घेतला, ते फादर आज पहाटे गेले.
आणि सकाळपासून माझं रडणं थांबत नाहीये.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मी मालवणजवळच्या एका चर्चच्या शाळेत गणित शिकवते. पूर्वी कॅथलिक मुलांना धर्मशिक्षणही द्यायचे.

मग देवबागच्या सुहासशी कोर्टात लग्न केलं. तो हिंदू. चर्चमध्ये लग्न लावायला दोन्ही घरं तयार नव्हती.

चर्चबाहेर लग्न केलं की धर्म शिकवायला चर्च परवानगी देत नाही. ते मला ठाऊक होतंच.
पण शाळेच्या कमिटीला मी गणितालासुद्धा नको होते.

मीटिंगमध्ये एक काका सरळ म्हणाले, "राजीनामो दी आणि मोकळी हो."
सुहासच्या होडीचं इंजिन बंद पडलेलं, घर माझ्या नोकरीवर चाललेलं.

फादर शाळेचे मॅनेजर. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"धर्म कोणी शिकवचो ता चर्च ठरवतला. तो तास मी काढून घेतलंय. पण गणिताक खंयचो धर्म? ती परमनंट आसा. चौकशी नाय, गुन्हो नाय, तिका काढूक येवचा नाय. कायदो आपणाकय लागू आसा."

"बिशपांकडे तक्रार करू," काका म्हणाले.
"करा. थंय मीच सांगान."

नोकरी राहिली.
तास मात्र त्यांनी कधीच परत दिला नाही. मला ते फार लागलं, खोटं कशाला बोलू?

तो तास ते स्वतः घ्यायला लागले. आणि फादर इतकं कंटाळवाणं शिकवायचे की पोरं चक्क झोपायची!

एकदा मधल्या सुट्टीत स्टाफरूमच्या दारात उभे.
"गो टीचर, नोहाच्या तारवाची गोष्ट तू कशी सांगायस?"
"माका परवानगी नाय, फादर."
"पोरांक शिकवूक नाय. माका शिकवूक कोण आडायता?"

मग मी त्यांना सगळं करून दाखवलं. बाकांचं तारू, म्हणजे महापुरातलं जहाज, कसं करायचं, पोरांना कुठले प्राणी करायचं, आवाजासकट.

दुसऱ्या दिवशी मी अपूर्णांक शिकवत होते आणि भिंतीपलीकडून हत्ती ओरडला. फादरच ते! माझा अख्खा वर्ग हसला. मीही.

त्यानंतर दर आठवड्याला यायचे. विचारायचे, शिकायचे, "देव बरे करो" असे आभार मानून जायचे.

उद्या अंत्यविधी, शाळेला सुट्टी आहे.
परवा पहिला तास माझा. सातवी, गणित.

तो तुम्ही राखलात.
देव बरे करो, फादर.