मिठाच्या दोन्ही बाजूंना फुली

आधी कबूल करून टाकते, म्हणजे पुढचं सांगायला मी मोकळी. माझ्या धाकट्या जावेला पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी सासूबाईंच्या कानात सांगितलं होतं, "मुलगी गोड आहे हो, पण वरचा मजला रिकामा दिसतोय."

त्याला कारण होतं. मी तिला ओळीनं चार प्रश्न विचारले. प्रवास कसा झाला, शिक्षण किती, भावंडं किती, चहा की कॉफी. ती आधी माझ्याकडे बघत बसली, मग खिडकीकडे, मग पंख्याकडे. शेवटी मी हात टेकले आणि चहा ओतायला उठले, तर मागून आवाज आला, "प्रवास बरा झाला. बारावी आणि टायपिंग. दोघं. कॉफी." क्रमानं, एकही न गाळता. सासूबाई इतक्या हसल्या की चष्मा मांडीत पडला, आणि ओतलेला चहा मला प्यावा लागला. मला अजून आठवलं की हसू येतं, आणि जरा लाजही वाटते.

तेव्हापासून ती माझी सावकाशबाई. तोंडावरच म्हणते. तीही ओ देते, पण सावकाश.

पुढे मीच तिला आमच्या हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात चिकटवली. मी ट्रे लावायच्या टेबलावर, ती शेजारच्या काचेच्या खोलीत कॉम्प्युटरपुढे. तिचं काम चिठ्ठ्यांचं. एकशेचाळीस पेशंट, कुणाला मीठ नको, कुणाला साखर नको, कुणाला नुसतं पातळ. वॉर्डातून फोन येतो, ती टाइप करते, छोट्या प्रिंटरमधून बोटभर रुंदीची चिठ्ठी निघते आणि ट्रेवर चिकटते. मग ट्रे पुढे सरकतो, सूपवाला सूप ओततो, दूधवाली दूध ठेवते. कॉम्प्युटर म्हातारा, त्यावर विंडोजऐवजी लिनक्स, कारण दुसरं काही टाकलं की त्याला धाप लागायची. सहा वर्षं तिचं आणि त्या लिनक्सचं छान चाललं होतं. दोघंही कमी बोलणारी.

घोळ झाला तो माणसं बदलल्यावर. जुनी चार जण निवृत्त झाली, नवी सहा आली, आणि सहाही सहा मुलुखांची. एकाची अक्षरं दुसऱ्याला कळेनात, चिठ्ठी तर कुणालाच धड वाचता येईना. मी ओरडून सांगायची, ते मान डोलवायचे आणि मनाला येईल ते वाढायचे. एके दिवशी हृदयाच्या पेशंटला खारट सूप गेलं. नर्सनं चव घेतली म्हणून निभावलं. मोठ्या मॅडम खाली आल्या. त्या ओरडत नाहीत, म्हणून जास्त भीती वाटते. म्हणाल्या, येत्या सोमवारपर्यंत हे थांबलं नाही तर चिठ्ठ्यांचं काम बाहेरच्या कंपनीला जाईल, आणि सावकाशबाईंना खालच्या भांड्यांच्या कोठारात जागा मिळेल.

कोठाराला खिडकी नाही. मी तिथल्या तिथे बोटं मोडायला लागले. ही मात्र जेवणाच्या सुट्टीत त्या सहा जणांकडे बघत बसली. मला वाटलं, झालं, आता रडणार. तर म्हणते, "ताई, हे बोलत नाहीत एकमेकांशी, पण फोनवर भांडतात बघा."

खरंच होतं. सूपवाला दूधवालीला फोनवरून लाल तोंडाचं चित्र पाठवायचा, ती त्याला जीभ काढलेलं. मग दोघं हसायचे. भाषा एक नाही, पण इमोजी सगळ्यांना पाठ. चिठ्ठीवर चित्रंच का नकोत, असं हिच्या डोक्यात आलं.

आमच्याकडे दर मंगळवारी कॉम्प्युटर बघायला एक गृहस्थ येतात. मी त्यांना कॉम्प्युटरराव म्हणते, कारण ते चालतातही तसेच, मान ताठ ठेवून. त्यांनी हिचं म्हणणं ऐकलं आणि खळखळून हसले. या मशीनवर इमोजी येत नाहीत म्हणाले, तो फोनवरचा चाळा आहे. हिनं वाद घातला नाही. ते गेल्यावर पासवर्ड टाकला. तो त्यांनीच दिलेला, सारखे फोन करून त्रास देऊ नका म्हणून.

मग जे सुरू झालं ते मी काचेतून चार दिवस बघत होते. प्रोग्राम उतरवायच्या जागेत शोधून तिनं इमोजी निवडायचा एक छोटासा प्रोग्राम घेतला. उघडला, तर आत रांगेनं रिकामे चौकोन. मी म्हटलं, "अगं, ह्या तर चाळीच्या खिडक्या." ती शोधतच राहिली. तासाभरानं कळलं की चित्रांचा फॉन्टच मशीनवर नव्हता. तो टाकला आणि चौकोनांतून टोमॅटो, अंडी, गाजरं उगवली. मग चित्र निवडलं की खिडकी बंद व्हायची आणि चिठ्ठी कोरीच. चित्र नुसतं कॉपी होत होतं, चिकटवायचं आपल्यालाच. सेटिंगमध्ये एक खूण करून तिनं तेही थेट चिठ्ठीत पडेल असं केलं.

पण शोधायचं इंग्रजीत. ते तिला जमलं असतं, पण एका चिठ्ठीला दोन मिनिटं म्हणजे एकशेचाळिसांचं जेवण संध्याकाळी. प्रोग्रामच्या पोटात शब्दांची एक साधी फाइल होती. तिनं ती उघडली आणि प्रत्येक चित्रापुढे आपले शब्द लिहीत गेली. मीठ, दूध, पातळ, गाळलेलं, चावायचं नाही. दीडशे ओळी, एकामागून एक. ज्या बाईला मी मंद म्हटलं होतं, तिचा वेग असा की मध्ये चहा विचारायची सोय नाही.

शुक्रवारी पहिली चिठ्ठी छापली. काळे डाग. प्रिंटर काळ्या शाईचाही नाही, उष्णतेवर चालणारा. त्याला रंग कुठले कळायला. टोमॅटो काळा, सफरचंद काळं, अंडं जरा कमी काळं. कॉम्प्युटरराव नेमके तेव्हाच दुसऱ्या कामाला आलेले. चिठ्ठी उजेडात धरून म्हणाले, "मॅडम, हे जेवण जळालंय."

मला त्यांच्या डोक्यात पळी घालावीशी वाटली. ही शांतपणे खुर्चीत बसली आणि पंख्याकडे बघत राहिली. मी ओळखलं, आता क्रमानं उत्तर येणार. शनिवारी दुपारी आलं. नुसत्या रेघांनी काढलेली चित्रं असलेला दुसरा फॉन्ट मिळतो; तिनं चिठ्ठीपुरता तो लावला. छापलं, तर सुईनं काढल्यासारखं अंडं.

रविवारी दहा ट्रेंवर तालीम. नऊ बरोबर; त्यांवर फुली नव्हतीच. दहावा सूपवाल्यानं एकट्यानं लावला, दूधवाली बाहेर गेली होती; त्यावर दूध नाही आणि सूप चांगलं खारट. चिठ्ठीवर स्पष्ट होतं, आधी दूध, मग फुली, मग मीठ. म्हणजे दूध द्या, मीठ नको. सूपवाला चिठ्ठी नाचवत छाती ठोकत होता की त्यानं बरोबरच केलंय. मी त्याच्यावर तोंड सोडणार, इतक्यात हिनं त्याच्या हातात पेन्सिल दिली आणि खुणेनं म्हणाली, तुझं नाव लिही. त्यानं लिहिलं. उजवीकडून डावीकडे.

हिनं चिठ्ठीवर उजवीकडून बोट फिरवलं. त्याच्या बाजूनं वाचलं तर आधी मीठ, मग फुली, मग दूध. मीठ द्या, दूध नको. बिचाऱ्यानं अक्षरशः हुकूम पाळला होता.

"वरून खाली तर सगळेच वाचतात ना," ती म्हणाली, आणि खोलीत गेली.

चालणाऱ्या वस्तू वरच्या ओळीत घेतल्या, नको त्या खालच्या ओळीत, आणि नको असलेल्या प्रत्येक वस्तूच्या दोन्ही बाजूंना फुली. मीठ दोन फुल्यांच्या मध्ये कोंडलं. कुठूनही या, फुलीच लागते. हे सगळं तिनं प्रोग्राममध्ये एकाच शब्दाखाली बांधून ठेवलं. "अळणी" टाइप केलं की अख्खी ओळ एकदम पडते.

सोमवारी मोठ्या मॅडम स्वतः टेबलाशी उभ्या राहिल्या. हातात यादी. एकशेचाळीस ट्रे त्यांच्यासमोरून गेले आणि मी सहा वर्षांत पहिल्यांदा गप्प राहून काम केलं, कारण ओरडायला काही शिल्लकच नव्हतं. सूपवाला चिठ्ठीवर नजर टाकायचा आणि योग्य भांड्याकडे वळायचा. दुपारी वॉर्डांतून एकही ट्रे परत आला नाही. मॅडमनी यादी मिटली, एक चिठ्ठी पर्समध्ये ठेवली आणि म्हणाल्या, कोठार राहू दे. उलट मुलांच्या विभागाच्या स्वयंपाकघरातही हेच बसवा. सूपवाल्यानं झाऱ्यानं पातेलं वाजवलं, दूधवालीनं माझ्या गळ्यात हात टाकले. मी रडले. जिच्यासाठी रडले ती प्रिंटरचा रोल बदलत होती.

मंगळवारी कॉम्प्युटरराव वही घेऊन हजर, हे कसं बसवलं ते उतरवून घ्यायला. आता मान जरा सैल. सगळं लिहून घेतलं आणि मग शेवटी एका गोष्टीवर अडले. हिनं प्रोग्राम उघडायला कीबोर्डच्या उजव्या कोपऱ्यातलं, जन्मात कुणी दाबत नाही असं एक बटण ठरवलं होतं. हे बरोबर नाही, म्हणे. अशा गोष्टींना तीन बटणं एकदम दाबायची असतात, तशीच रीत आहे, आणि मुलांच्या विभागात ते तसंच करणार. पंधरा मिनिटं त्यांनी रीत समजावली. ही पंख्याकडे बघत होती.

फोन वाजला. हिनं उचलला आणि त्यांच्याच हातात दिला. "घ्या. वॉर्ड सहा. तुमच्या रीतीनं करा."

त्यांचा डावा हात फोनला. पलीकडून नर्स धडाधड सांगतेय, बारा नंबर अळणी, चौदा नंबर पातळ. उजव्या हाताची बोटं तीन बटणांवर पसरता पसरता त्यांचा पंजा खेकड्यासारखा झाला. फोन मानेत धरला, तो निसटून टेबलाखाली लोंबकळला, आणि तिथूनही नर्सचं सांगणं चालूच. हिनं वायर धरून फोन वर ओढला, डाव्या कानाला लावला, उजव्या हातानं एक बटण, एक शब्द, आणि चिठ्ठी बाहेर.

कॉम्प्युटररावांनी वहीत तीन बटणांवर काट मारली. मग एवढं सगळं सोडायचं जिवावर आलं असावं. म्हणाले, "निदान मुलांच्या विभागात तरी माझी रीत ठेवू द्या."

सावकाशबाईनं या खेपेला अजिबात वेळ घेतला नाही. म्हणाली, "तिथेही फोन आहे."